शिंपल्यांचा चुरा

आज खाडीतल्या तिसऱ्या साफ करताना शिंपल्यांचा खारा वास हाताला लागला आणि शेजारच्या कमळाकाकू आठवल्या.

तेव्हा आमची कोंबडी बिनटरफलाची, लिबलिबीत अंडी घालायची. काकूंची नजर लागली, असं मी आळीभर सांगत सुटले होते. एका सकाळी त्यांनी आमच्या अंगणात शिंपल्यांचा चुरा टाकलेला दिसला. कचरा समजून मी तो सुपात भरला आणि त्यांच्या दारात नेऊन ओतला.

"अगो, तुझ्या कोंबडीसाठीच कुटला व्हता," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याच्याबिगर टरफल घट्ट व्हत न्हाय."

मी रिकामं सूप घेऊन परतले. कोंबडी मात्र रोज कुंपणाखालून जाऊन तो चुरा टिपत राहिली. काही दिवसांत अंडी टणक झाली. नजर उतरवली, म्हणून गुण आला, असं सांगत मी ती आळीत वाटली. काकूंचं घर तेवढं वगळलं.