खुशीचा पडदा, गमीचा पडदा

आमच्या मुरुम गावात माणूस दोनच ठिकाणी असू शकतो, चाचांच्या डाव्या पडद्यावर किंवा उजव्या. तिसरी जागा चाचांना मान्य नाही. माझ्या झेरॉक्स आणि स्टेशनरीच्या दुकानाला लागूनच त्यांचं फ्लेक्स-बॅनर आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे कित्येक वर्षं मी त्यांचं बोलणं ऐकत आणि त्यांचा चहा पीत आले आहे. ते माझे कुणी सख्खे चाचा नव्हेत. सगळं गाव चाचा म्हणतं म्हणून मीही म्हणते. अंगाने किडकिडीत, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि चष्मे दोन, एक नाकावर आणि एक कपाळावर. दोन पडद्यांसाठी दोन चष्मे, असं गावात म्हणतात. खरं कारण एवढंच की कपाळावरच्याची काडी मोडली आहे आणि तो टाकून देणं त्यांच्या जिवावर येतं.

त्यांच्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत. डावा खुशीचा पडदा, उजवा गमीचा. लग्न, बारसं, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, निवड झाल्याबद्दल अभिनंदन हे सगळं डावीकडे. श्रद्धांजली, पुण्यस्मरण, तेराव्याची पत्रिका उजवीकडे. थोरामोठ्यांची जयंती डावीकडे आणि पुण्यतिथी उजवीकडे, मग थोर माणूस एकच का असेना. याची सुरुवात मात्र साध्या घोटाळ्यातून झाली. पूर्वी त्यांच्याकडे एकच पडदा होता. एकदा त्यांनी एका आजोबांच्या पुण्यस्मरणाचा आणि एका सरपंचांच्या वाढदिवसाचा बॅनर शेजारी शेजारी उघडून ठेवला आणि घाईत एकाचा मजकूर दुसऱ्याला चिकटवला. सकाळी बसस्टँडसमोर स्वर्गवासी आजोबांना दीर्घायुष्याच्या शुभेच्छा मिळाल्या आणि हार घातलेल्या सरपंचांच्या आत्म्यास शांती लाभली. सरपंचांनी तो बॅनर स्वतः काढला, नीट घडी केली आणि चाचांच्या टेबलावर ठेवला. त्यानंतर चाचांनी बंद पडलेल्या नेट कॅफेतून दुसरा मॉनिटर आणला. सोयीसाठी सुरू झालेली गोष्ट पुढे श्रद्धेची कधी झाली, ते आम्हालाही कळलं नाही आणि त्यांनाही.

एकदा डाव्या मॉनिटरची वायर सैल होऊन तो बंद पडला. नेमका त्या दिवशी एक होतकरू तरुण नेता वाढदिवसाच्या बॅनरसाठी चार कार्यकर्ते घेऊन आला. उजवा पडदा चालू होता, पण चाचा त्यावर त्याचा फोटो उघडायला तयार होईनात. "तुमाला काय झालं तर म्या कुणाला तोंड दावू?" एवढंच म्हणत राहिले. उमरग्याहून मेकॅनिक येईपर्यंत नेत्याचा वाढदिवस उलटून गेला. तेव्हापासून गिऱ्हाईकंच आत डोकावून विचारायला लागली, "चाचा, माझा फोटो कुठल्या पडद्यावर हाय?" सेवानिवृत्तीचा बॅनर आला की चाचांची खरी पंचाईत व्हायची, कारण ती खुशी की गमी हे त्यांना आजवर ठरवता आलेलं नाही. मग ते बॅनर बरोबर मधोमध ठेवायचे, अर्धे गुरुजी डाव्या पडद्यावर आणि अर्धे उजव्या.

या सगळ्या प्रकाराला उघड हसणारा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे अण्णा. अण्णा म्हणजे चाचांचे जुने भागीदार. कॉम्प्युटर येण्याआधी ही जोडी दुकानांच्या पाट्या रंगवायची. चित्रं चाचांची, अक्षरं अण्णांची. कॉम्प्युटरमध्ये अक्षरं आयती मिळायला लागल्यावर अण्णांनी ब्रश धुऊन ठेवला आणि शेती बघायला लागले, पण दुकानात रोज यायचं सोडलं नाही. चाचांच्या मागच्या स्टुलावर बसायचं आणि पडद्यावरच्या प्रत्येक अक्षराला नावं ठेवायची, हा त्यांचा दिनक्रम. बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायचे. "पेंटर," ते चाचांना म्हणायचे, "माणसाला मरायला तुझ्या पडद्याची परवानगी लागती का रे?" चाचा मान न वळवता म्हणायचे, "तुला न्हाय लागत. तू बसलेलाच बरा."

अशात चाचांच्या लेकीने पुण्याहून नवा कॉम्प्युटर पाठवला. ती तिकडे डिझाईनचंच काम करते. जुना कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की चाचा बटण दाबून नमाजला जाऊन यायचे, आणि हे तिला बघवत नव्हतं. पण नवा होता वेगळ्याच जातीचा. खिडकी बंद करायची फुली उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात गेली. कॉपी करायला जे बटण वर्षानुवर्षं दाबलं, ते दाबून काही होईना. चाचांनी मग नव्या बटणावर माझ्या दुकानातली लाल टिकली आणून चिकटवली. डिझाईनचं सॉफ्टवेअर जुन्याच नावाचं होतं, पण घर बदललेल्या सुनेसारखं वागत होतं. कुठलं भांडं कुठे ठेवलंय ते तिलाच ठाऊक. सगळ्यात वाईट म्हणजे एका पडद्यावरून दुसऱ्यावर अर्धवट सरकवलेली खिडकी तो दोन्हीकडे दाखवेना. पहिल्याच आठवड्यात सेवानिवृत्तीला निघालेल्या एका मुख्याध्यापकांचा डावा अर्धा भाग गायब झाला. चाचा बराच वेळ उरलेल्या अर्ध्या भागाकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "ताई, हे मशिन मधलं काय मानत न्हाय. इकडं न्हाय तर तिकडं."

पण खरा घोर पुढेच होता. अण्णांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि चाचांनी त्यांच्यासाठी मोठा बॅनर करायला घेतला होता. अण्णांचा फोटो छान आला होता, फेटा बांधलेला, दातांची कवळी घातलेली. जुन्या कॉम्प्युटरवरची ती फाईल त्यांनी नव्यावर आणली आणि उघडली. अण्णा उघडले ते उजव्या पडद्यावर. मी तेव्हा चहाचे कप परत द्यायला गेले होते, म्हणून मला चाचांचा चेहरा दिसला. त्यांनी फाईल बंद केली, पुन्हा उघडली. पुन्हा उजवीकडे. शेवटचं काम त्या बाजूला केलेलं असलं की पुढचीही खिडकी तिकडेच उघडते, इतकंच ते होतं. त्यांच्या लेकीने मला नंतर फोनवर समजावून सांगितलं. पण चाचांना ते कुणी सांगावं? त्यांनी माऊसने अण्णांना धरून हळूहळू डावीकडे आणलं, आणि मला म्हणाले, "ताई, अण्णाला हे बोलू नका."

त्या दिवसापासून अण्णांचे हाल सुरू झाले. त्यांच्यासाठी रोज येणारी गरम भजी बंद झाली आणि त्या जागी काकडी आली. त्यांच्या सायकलच्या चाकातली हवा कोण सोडतंय ते कळेना. चाचा मात्र तत्परतेने स्कूटीवरून त्यांना घरी सोडायला तयार असायचे. रस्त्याने चालताना गाड्यांच्या बाजूला चाचा, कडेला अण्णा. अण्णांनी एखाद्या अक्षराला नाव ठेवलं की चाचा वाद न घालता ते बदलायचे, आणि याचीच अण्णांना सगळ्यात जास्त भीती वाटली. एक दिवस ते माझ्या काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "ताई, पेंटर लई गोड बोलायलाय. माझं रान बिन पाहिजे का त्याला?" मला हसू आवरेना, पण पलीकडे पत्र्याच्या भिंतीआड खुर्ची करकरली, म्हणून मी कागदांचा गठ्ठा मोजायला घेतला.

शेवटी छपाईचं नवं मशीन बघायचंय असं सांगून चाचांनी अण्णांना सोलापूरच्या एसटीत बसवलं आणि थेट हृदयाच्या दवाखान्यात नेलं. "हितं कुठलं आलं छपाईचं मशिन?" अण्णांनी दारातच विचारलं. "हाय. छातीची पट्टी छापून देतंय," चाचा म्हणाले आणि त्यांना आत ढकललं. ती पट्टी बघून डॉक्टरांनी अण्णांना घरी सोडलंच नाही. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. जाळी बसवली, अण्णा वाचले. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा चाचांनी त्याचं श्रेय नव्या कॉम्प्युटरला दिलं. अण्णांना कॉटशेजारी बसून पडद्याची सगळी हकिगत सांगितली. आणि जन्मभर हसत आलेले अण्णा, चाचा सांगतात, त्या दिवशी हसले नाहीत.

मला विचाराल तर कॉम्प्युटरने काही सांगितलं नव्हतं. अण्णा कित्येक महिने दुकानाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबायचे आणि दारावरची पाटी वाचत उभे राहायचे. ती पाटी त्यांनीच रंगवलेली होती. दम लागतोय हे लपवायचं ते सोंग मला दिसत होतं, तर चाचांना दिसलं नसेल असं कसं म्हणू? पण माणूस आपल्याच माणसाविषयी असलं काही मनातसुद्धा बोलत नाही. चाचांना ते कबूल करायला फाईल चुकीच्या पडद्यावर उघडावी लागली. त्यांचं ते वेड मला आधी गमतीचं वाटायचं. आता त्याची टिंगल केली तर मला राग येतो.

पुढे अण्णांचा मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. जिने चढायचे नाहीत, रानात फिरायचं नाही, डॉक्टर जवळ हवा, सगळं बरोबरच होतं. पंच्याहत्तरी मुरुममध्ये झालीच नाही. बॅनर मात्र डाव्या पडद्यावर तसाच उघडा आहे. चाचा तो बंद करत नाहीत, कारण बंद केला तर पुन्हा कुठल्या पडद्यावर उघडेल याचा त्यांना भरवसा नाही. कॉम्प्युटरही बंद करत नाहीत. लाइट गेली तर अडचण नको म्हणून मोठा इन्व्हर्टर आणलाय आणि त्याच्या बॅटरीत पाणी आहे की नाही ते दुकान उघडताच बघतात. डावा पडदा असा अण्णांनी व्यापल्यामुळे सगळं काम आता उजव्यावर चालतं. ज्या पडद्यावर त्यांनी एकाही जिवंत माणसाला कधी पुरतं येऊ दिलं नव्हतं, त्या गमीच्या पडद्यावर हल्ली नवरा-नवरी, बारशाची बाळं, निवडून आलेले सदस्य असे सगळे एकावर एक उघडलेले असतात. जुनी गिऱ्हाईकं कुरकुरतात. परवा एका नवरदेवाच्या मामांनी तर चक्क हरकत घेतली. "पडद्यात काय असतंय मामा," चाचा त्यांना म्हणाले, "फोटो चांगला आला म्हंजे झालं." कोणती फाईल कुठल्या पडद्यावर उघडावी हे कसं ठरवायचं, ते लेकीने मला शिकवलंय. मिनिटाचं काम आहे. मी दोनदा विषय काढला. चाचा दोन्ही वेळा "हौ, करू की" म्हणाले आणि चहा सांगायला निघून गेले.

दिवेलागणीला हैदराबादहून फोन येतो. चाचा स्पीकरवर टाकतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. जेवण, औषधं, नातवाची शाळा, पाऊस पडला का, असं बोलून झालं की अण्णा थोडं थांबतात. मग विचारतात, "पेंटर, म्या कुठल्या पडद्यावर हाय?"

चाचा कपाळावरचा मोडक्या काडीचा चष्मा डोळ्यांवर घेतात आणि खरोखर बघून सांगतात, "डावीकडं. जागेवर हायेस."

"अक्षरं बदललास का?"

"न्हाय. तू आल्यावर तूच लिही."

"बरं," अण्णा म्हणतात. नंतर दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नाही. मी माझ्या बाजूला झेरॉक्सचं मशीन तेवढा वेळ बंद ठेवते.