कारणाचा रकाना

हजेरीपट समोर आला की ते कानामागची पेन्सिल काढायचे, लाल फुलीवर टेकवायचे आणि विचारायचे, "खाडो दिसता गो. कारण खंय आसा?"

माणूस मालवणकडचा. भांडुपच्या आमच्या कारखान्यात ते पर्सोनेल खात्याचे हेडक्लार्क, आणि मी त्यांच्या हाताखालची टायपिस्ट, मुलुंडची, तोंडाने फटकळ. सगळे त्यांना काका म्हणायचे. पाच मिनिटांच्या कामाला तासभर लावणारा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्याकडे ते काका होते.

छापील हजेरीपटात कारणाला जागाच नव्हती. काकांनी फूटपट्टीने एक जादा रकाना आखून घेतला होता. खाडा करून आलेल्या माणसाला ते समोर बसवायचे. नुसत्या 'ताप'वर सुटका नाही. कसला ताप? कधीपासून? खोकला होता का? मी वैतागून म्हणायचे, "अहो काका, तुम्ही क्लार्क की डॉक्टर?"

"डॉक्टर एकाक तपासता. मी अख्खो कारखानो तपासतंय."

मग कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची केबिन, एसी, सगळा थाट. त्याचा हिशेब सोपा होता, हजर असेल तर एक, नसेल तर शून्य. साहेबांनी त्याच्याकडून सर्वांत जास्त खाडे करणाऱ्यांची यादी काढून घेतली. सात जण निघाले. नाव, बिल्ला नंबर आणि शून्यांची संख्या, बस. साहेब म्हणाले, "सोमवारी यांना काढल्याची पत्रं गेली पाहिजेत."

मी सातही पत्रं टाइप केली. खरं सांगते, मला काही वाटलं नाही. मेले कामचुकार असतील, म्हटलं.

काकांनी यादी वाचली आणि पत्रं माझ्या हातातून काढून घेतली. दोन दिवस त्यांचा डबा तसाच राहिला. जुने हजेरीपट उपसून त्यांनी ग्राफपेपरवर प्रत्येकाच्या खाड्यांची एक रेघ काढली. शनिवारी मला हाक मारली, "हय ये. बघ."

सातही रेघा आधी सपाट होत्या. मग प्रत्येकीवर एक लाल टिंब, आणि टिंबानंतर काही महिन्यांत रेघ वर चढलेली.

"टिंब कसलं, काका?"

"रंगखात्यात बदली झाली तो महिना. आणि ही दोघां बघ, तिथून सुटली. रेघ खाली इली."

त्या बंद खोलीत दिवसभर रंगाचे फवारे चालायचे. काकांच्या जादा रकान्यात सातही जणांपुढे एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता, खोकला.

साहेबांसमोर मान खाली घालून उभे राहणारे काका त्या दिवशी ग्राफपेपर आणि पत्रं टेबलावर ठेवून मोठ्याने बोलले. "साहेब, ही माणसं खाडे करत नाहीत. ती खोली करतेय. पत्र द्यायचं तर खोलीला द्या."

साहेबांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी पत्रं फाडली. रंगखात्याची भिंत फोडून हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे बसले, आणि सातांपैकी अजून तिथेच असलेले पाच जण दुसऱ्या खात्यांत गेले. मला काकांकडे बघायची लाज वाटत होती.

ते म्हणाले, "तुझी चूक नाय गो. यादीत कारणच नव्हता."

रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं असताना काका गेले. सकाळी चहा पिता पिता, बसल्या जागी. शेजाऱ्याने गेटवर निरोप आणला. कारखाना चालूच राहिला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरची, आदल्या दिवशीच्या गैरहजरांची यादी टेबलावर आली. हजेरीपट तोवर बंद झाले होते. यादीत नऊ शून्यं होती. सात त्या सात जणांची, आठवं माझं. मी काकांच्या खणातली फूटपट्टी काढली, यादीच्या कडेला एक रकाना आखला आणि आठ वेळा लिहिलं, 'काकांना पोचवायला गेलो होतो.'

नववं शून्य काकांचं होतं. त्याच्यापुढे काय लिहायचं, ते मला काही केल्या सुचेना.