डोंगरावरचा ढग आणि मंगेशची चार दिवसांची रजा

आमच्या वाडीचं हवामान खातं म्हणजे मी. (पगार नाय, पेन्शन नाय, पण भाताला विळा लावायच्या आधी लोक मलाच विचारतात.) कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी, समोर उभा डोंगर. शेंड्यावर ढग बसला की पाऊस, शेंडा मोकळा दिसला की उघाडी. इतकी वर्षं मी सांगत आले नि ते खरं होत आलं. मग माणसाला आपण फारच शहाणे आहोत असं वाटायला लागतं!

गेल्या खेपेला दसरा झाला तरी सरी थांबेनात. भात पिकून पिवळं झालेलं, लोंब्या वाकलेल्या. आणखी उभं राहिलं असतं तर दाणे शेतातच गळले असते. आमचा मंगेश मुंबईला गोदामात कामाला. कापणीसाठी चार दिवसांची रजा काढून आला, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्याने मोबाइल पुढे केला.

"आये, बघ. आज हलक्या सरी, उद्यापासून कोरडं. सकाळीच कापायला घेऊ."

मी ओटीवरून डोंगराकडे पाहिलं. "तुझ्या मोबाइलला डोंगर दिसतो काय रे? शेंड्यावर ढग हाय! कापलेलं भिजलं तर कोंब येतील. मग कोंब खातोस काय?"

शेजारचे सखाभाऊजी विळ्याला धार लावत होते. "वैनी बोलली, म्हणजे थांबायचं," म्हणाले नि विळा परत कुडाला खोचून मोकळे!

दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की अंगणात पापड भाजावेत!

"अगो, हे काय मग?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"फसवं ऊन हाय. संध्याकाळी बघा."

संध्याकाळी आभाळभर चांदण्या. हे म्हणाले, "चांदण्या पण फसव्याच काय गो?" मी भाजीत मीठ घालायला आत गेले. (ते आधीच घातलं होतं. भाजी कुणी खाल्ली नाय.)

त्याच्या दुसऱ्या दिवशीही लख्ख ऊन. सखाभाऊजी डोक्याला टॉवेल गुंडाळून, घाम पुसत आले. "वैनी, ढग नक्की आपल्याच डोंगरावर हाय ना? का पल्याड साताऱ्याकडे?"

"तो काय पांढरा! आंधळे झालात काय सगळे?"

मंगेश हसला नाय. समोर येऊन त्याने माझा उजवा डोळा हाताने झाकला. "आता दिसतो ढग?"

"नाय."

मग डावा झाकला. "आता?"

"आता हाय!"

डोंगर बघताना नेम धरल्यासारखा डावा डोळा मिटायची माझी जुनी खोड. आणि उजव्यात मोतीबिंदू!

मग सखाभाऊजी म्हणाले, "म्हणजे ढग तुझ्या डोळ्यात, नि आम्ही दोन दिवस विळे टांगून बसलोय!" अख्खी वाडी पोट धरून हसली.

पण हसून झाल्यावर तीच माणसं आधी आमच्या शेतात उतरली. स्वतःचं भात माझ्यापायी उभं असताना! उरलेल्या दोन दिवसांत कापून, झोडून, भात घरात आलं. थोडं गळलं, ते पाखरांनी नेलं.

निघताना मंगेश म्हणाला, "आये, तू चुकलीस बघ. महाडला डोळा दाखवू आता." मी मान डोलावली.

दरसाल पोर येतो, कापतो नि जातो. चार दिवसांत मला दिसते ती त्याची वाकलेली पाठ. त्या खेपेला मात्र दोन दिवस ओटीवर पाय पसरून बसला, घावन मागून मागून खाल्ले, गोदामातल्या गमती सांगितल्या, दुपारी घोरला.

आता खरं सांगते. (आमच्या ह्यांना कळू देऊ नका.) पहिल्याच संध्याकाळी, तुळशीपुढे दिवा लावताना, मी दोन्ही डोळे उघडून डोंगराकडे पाहिलं होतं. शेंडा मोकळा, स्वच्छ! मी मुकाट्याने डावा डोळा मिटून घेतला नि म्हटलं, "ढग हाय रे अजून, मंगेश. उद्या लवकर उठू नको."