रिकामी खुंटी

आमच्या शेजारच्या टेलरकाकांना लग्नाचं आमंत्रण लागत नसे. जळगावात कुठंही बँड वाजला की ते मशीन सोडून धावत आणि नवरदेवाकडे न बघता गिटारवाल्याकडे बघत बसत. भुसावळच्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरनं देश सोडताना त्यांच्या वडिलांना लाल इलेक्ट्रिक गिटार दिली होती. तशी दुसरी अख्ख्या खानदेशात नव्हती. सिगारेटनं जळून तिच्यावर पडलेला डाग काका बोटानं हवेत काढून दाखवत. काकांचा धाकटा भाऊ ती वरातीत वाजवायचा. तो तापानं गेला आणि त्याच गडबडीत बँडच्या टेम्पोतून गिटारही गेली. दर दसऱ्याला काका शिलाई मशीनला झेंडू वाहत आणि एक झेंडू गिटारच्या रिकाम्या खुंटीला.

नव्वद सालच्या आसपास माझ्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही धुळ्याला गेलो, काकाही बरोबर आले. बँडवाल्याच्या गळ्यात लाल गिटार होती. डाग मलाही दिसला. तो माणूस डोळे मिटून, मान वाकडी करून वाजवत होता. वरात संपेपर्यंत काका त्याच्यासमोर उभे राहिले.

"ती नही शे, भाऊ," ते मला म्हणाले. "चाल, जेवाले बसूत."

पंगतीत त्यांनी बट्टीला हात लावला नाही.

त्या दसऱ्याला मशीनला झेंडू होता. खुंटीच्या जागी भिंतीत नुसतं भोक होतं.