अंडी मोजणाऱ्या बाई

आमच्या प्राणीशास्त्राच्या बाई अंडं बल्बसमोर धरून आतलं पिल्लू कोणत्या कुशीवर झोपलंय ते सांगायच्या. त्यांचं घर पक्कं लिंगायत, अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी सासू गुळण्या करायला लावी. अंडी पुरवणाऱ्या रबियाखाला कपाळाला हात लावत: "खाती नै, बेचती नै, सुई टोचती. कैसी बाई है जी!"

लातूर नुकताच जिल्हा झालेला. पाट्यांचा रंग ओला, नळ कोरडे. दुष्काळ असा, की टँकरच्या रांगेत कावळेसुद्धा नंबर लावून बसत. खडीच्या कामावरच्या पोटुशी बायकांना एक दानशूर आडतदार रोज गरम आंबट वरण वाटायचा, पातळ गुलाबी पिशव्यांत बांधून. त्या रांगेत माझी बायको पारूही होती. मी बाईंच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर. एकदा बाईंनी पारूच्या पिशवीतलं वरण काचेच्या बशीत ओतून उजेडाला धरलं. "डाळ पिवळी, मग वरण गुलाबी कसं हो?"

पिशवीतून काय उतरतं ते तपासायला मी पिशव्या साध्या पाण्यात भिजवायला घेतल्या, तर बाई ओरडल्या, "आपल्याकडं पिशवीतून पाणी कोण नेतंय? चिंचेचं पाणी उकळा अन् ओता!" तेच पाणी स्टीलच्या डब्यातही ओतायला लावलं. "न्हाईतर पिल्लू चिंचेनं मेलं का पिशवीनं, कळावं कसं?" मग थेंबथेंब अंड्यांत टोचून अंडी उबवायच्या पेटीत ठेवली.

तेवढ्यात दोन दिवस वीज गेली. पिशवीच्या पाण्याची सगळी अंडी मेली. मी नाचतच गेलो, "बाई, पिशवी वाईट हाय!"

"डब्याची बघितली?"

तीही मेली होती. आडतदार दारात उत्तरासाठी उभा. बाई शांतपणे म्हणाल्या, "मला अजून माहीत न्हाई."

मी हात जोडले. "वाईट हाय म्हणून सांगून टाका ना, बाई. पारू तेच खाऊन राहिली."

"खोट्यानं बंद पाडलं, तर उद्या परत चालू होईल." अन् घरातली सगळी डबे-ताटं त्यांनी वरण घ्यायला खडीवर धाडली. सासू महिनाभर पत्रावळीवर जेवली, त्यांच्या नावानं बोटं मोडत.

दुसऱ्या खेपेला वीज टिकली. डब्याच्या अंड्यांत काळे डोळे, धडधडती काळजं. पिशवीच्या कितीतरी अंड्यांत डोळेच नाहीत, पाठी वाकड्या. बाईंनी दोनदा मोजलं. त्यांचा नेमच तो: "एकदा मोजलं ते ऐकीव, दोनदा मोजलं ते खरं." आडतदारानं बल्बसमोर एक अंडं पाहिलं, टोपी काढली. दुसऱ्या दिवसापासून पिशव्या बंद.

"पण पारूनं आधी खाल्लं त्याचं काय, बाई?"

"कोंबडीवरून माणसाचं सांगता येत न्हाई, शिवदास." पुन्हा एकदा मला वाटलं, बाईंनी थोडं खोटं बोलावं. बोलल्या नाहीत.

पारू बाळंत झाली तेव्हा बाई दवाखान्यात आमच्या आईच्याही आधी हजर. लेकीची बोटं मोजली, पापण्या उचलून डोळे पाहिले. पुन्हा पहिल्यापासून मोजली. "सगळं हाय," म्हणाल्या अन् फरशीवरच बसून रडल्या.

तीन वर्षांनी त्यांची नांदेडला बदली झाली. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून हात काढून लेकीचा हात धरला अन् एकेक बोट मोजायला लागल्या.

मी म्हटलं, "बाई, दोनदा झालंय की मोजून."

"हाव. ते शास्त्रासाठी होतं."