कोरिन्थाची खाली घातलेली मान

इस्मे प्रॉस्पेरचा जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दाराशी ठेवलेली दुधाची बाटलीसुद्धा ती हुंगून आत घेई. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करताना कुणी जरा जास्त हसून बोललं, की ‘ह्याला काय हवंय?’ हा प्रश्न तिच्या कपाळावर उमटे. फक्त पाद्री आणि मास्तर या दोघांपुढे तिचा संशय दाराबाहेर थांबायचा. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटावर, तिच्या गावी, मास्तर येताना दिसले की म्हातारी माणसंही वाट सोडून उभी राहत.

म्हणून सत्तर साली, लंडनच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी बोलावलं तेव्हा ती रविवारचा झगा घालून गेली. बाई फार गोड बोलल्या. इस्मेच्या मुलीची, कोरिन्थाची चाचणी झाली होती. पोर मागे पडतेय, तिला दुसऱ्या शाळेत पाठवू, तिथे कसली घाई नसते, म्हणाल्या. इस्मेने आभार मानले.

शनिवारी दार वाजलं. साखळी न काढता तिने फटीतून पाहिलं. मर्लिन गिटन्स नावाची एक तरुण बाई होती. चर्चच्या हॉलमध्ये आपल्या मुलांचे वर्ग घेते, तुमच्या पोरीचं तिथल्या आयांकडून कळलं, म्हणाली. ती दुसरी शाळा मंदबुद्धी मुलांची आहे, तिथे आपलीच काळी पोरं भरलीत आणि गेलेलं पोर सहसा परत येत नाही, असंही सांगितलं.

“तुला कुणी पाठवलं?”

“कुणी नाही, मावशी.”

“बोलण्यावरून बार्बेडोस बेटावरची ना तू? तरीच. तुमच्याकडची माणसं दुसऱ्याच्या पातेल्यात नाक खुपसतात.”

“तुमच्या पातेल्यात हिरवी केळी आणि खारा मासा आहे. आत घेताय, की वासावरच बोळवण?”

इस्मेने साखळी काढली, पण हसली नाही.

स्वयंपाकघरात कोरिन्था बसली होती. मर्लिनने नाव विचारलं. पोरीने मान खाली घातली, ओठ मिटले. मोठ्यांपुढे असंच बसायचं असतं; इस्मेला अभिमान वाटला. मर्लिनचा चेहरा मात्र उतरला. चाचणी घेणाऱ्या साहेबांपुढेही अशीच बसली होतीस का, असं तिने विचारलं.

कोरिन्थाने आईकडे पाहिलं. इस्मेने होकार दिल्यावरच ती बोलली.

“त्यांनी कपाचं चित्र दाखवलं आणि ‘हे काय?’ विचारलं. त्यांना दिसत होतं की. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय.”

घरात ‘हे काय?’ फक्त इस्मे विचारायची, तेही सांडलेल्या दुधाकडे बोट दाखवून. तेव्हा तोंड उघडणं म्हणजे उलट बोलणं. हे वळण तिनेच लावलं होतं. मग पहिल्यांदाच तिला मोठ्या बाईंच्या गोडव्याचा वास घ्यावासा वाटला.

सोमवारी ती मर्लिनला आणि आणखी काही आयांना घेऊन शाळेत गेली. चाचणी पुन्हा घ्या, मी खोलीत बसणार, एवढंच तिचं मागणं. बाई म्हणाल्या, सगळं ठरलंय, त्या शाळेची बस अगदी दारात येईल.

“येऊ दे. पोर चढणार नाही.”

“मिसेस प्रॉस्पेर, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?”

मास्तरीणबाईंना नाही म्हणायला तिची जीभ जड झाली. “नाही,” ती म्हणाली. बाहेरच्या बाकावरच्या बायका उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी चाचणीचे साहेब आले. त्यांनी तेच चित्र टेबलावर ठेवलं. कोरिन्थाची मान खाली गेली. आता जे सांगायचं ते सांगून आपण पोरीला बिघडवतोय, असं इस्मेला खरोखर वाटलं.

“वर बघ,” ती म्हणाली. “त्यांच्या डोळ्यांत बघून बोल. मी रागावणार नाही.”

“कप,” कोरिन्था म्हणाली. आणि मग बोलतच राहिली, पुढच्या चित्रावर, त्याच्या पुढच्या.

साहेब लिहायला लागले. इस्मे खुर्ची मागे सारून उठली आणि त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. त्यांनी बसायला सांगितलं. ती बसली नाही. कोरिन्थाची शाळा बदलली नाही.