लिंबाच्या पलीकडं मॅडम

मैत्रिणी विचारतात, "तुझ्याकडं एवढे किस्से येतात तरी कुठून गं?" अगं बायांनो, जिची पोरगी चार वर्षं तिच्याच वर्गात बसली, तिला किस्से हुडकायला जावं लागत नाही. ते रोज सकाळी डबा घेऊन माझ्या स्कूटीवर मागं बसायचे!

आमचं घर चौसाळ्यात. माझी जिल्हा परिषदेची शाळा हायवे सोडून आत, एका वस्तीवर. शिक्षक दोनच. एक मुख्याध्यापक अन् दुसरी मी. आमची शिवू पहिलीला माझ्या वर्गात आली ती चौथीपर्यंत तिथंच. पहिल्या दिवशी शाळेच्या अलीकडं कडुलिंबाखाली गाडी थांबवून मी तिला कायदा सांगितला, "लिंबाच्या अलीकडं आई, पलीकडं मॅडम. तिथं लाड नाही, हट्ट नाही!"

तिनं मान डोलावली. मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल.

संध्याकाळी परत निघालो. लिंब येईपर्यंत पोरगी गप्प. लिंब मागं पडला अन् लगेच सुरू, "आई, आमच्या मॅडम लई कडक हायत. आज मला उभं केलं."

"कावून?"

"बोलले म्हणून. जरासंच बोलले होते. तू एकदा भेटून ये ना त्यांना!"

गाडी सरळ कशी चालवली, माझं मला माहीत.

*

दुसरीत असताना तिला ताप आला. मी घाईत डबा भरून शाळेत गेले. हजेरी चालू होती, तेवढ्यात दारात मोटरसायकल. बघते तर आमचे हे! शेतातून तसेच आलेले, पायाला चिखल.

हजेरी तशीच टाकून मी दाराशी गेले. "अहो, ताप वाढला का?"

"न्हाई, उतरलाय," म्हणत त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. शिवूचा रजेचा अर्ज! "माननीय वर्गशिक्षिका मॅडम" पासून "आपली आज्ञाधारक" पर्यंत सगळं जागच्या जागी.

"अहो, सकाळी मी घरातच होते की! तवाच द्यायचा."

"मी बी तेच म्हणलो. तर म्हणती, घरी आई हाय, अर्ज मॅडमला द्यायचाय."

अर्जावर सही करून रजा मंजूर केली. काय करता?

*

पालकसभेला यायला हे तयारच नव्हते. "पोरीचं काय ते घरीच सांग की!" पण शिवू अडून बसली. सगळ्यांचे वडील येणार, माझेच नाहीत? मग आले बिचारे इस्त्रीचा शर्ट घालून, अन् बसले पहिल्या बाकावर.

पाळी आली तशी उभे राहून म्हणतात, "मॅडम, आमच्या पोरीचं अक्षर बिघडलंय. घरी आईचं लक्ष दिसत न्हाई!"

सगळा वर्ग हसायला लागला. मी पण सोडते का? "वडिलांनी मोबाइल खाली ठेवला तर त्यांनाही देता येतं लक्ष!"

शेजारच्या बाकावर सानियाचे अब्बा. चौसाळ्यात गॅरेज आहे त्यांचं. ते ह्यांच्या कानाला लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाई, आज घरकू नक्को जाव!"

*

आता एक मनातलं सांगते. आमच्या वर्गात कुणी काही भारी केलं की त्याला टाळी मिळते. मी नाव घ्यायचं, सगळ्या पोरांनी एका तालात तीन टाळ्या वाजवायच्या अन् "शाब्बास!" ओरडायचं. पोरं त्या टाळीसाठी जीव टाकतात.

पहिलीत शिवूचा पहिला नंबर आला. तेव्हा दुकानात एक बाई म्हणाली, "मास्तरणीचीच पोर. पहिली येणार न्हाई तर काय!" ते वाक्य मला असं लागलं, की मी ठरवूनच टाकलं, हिला टाळी द्यायची नाही. पाढे बिनचूक म्हणाली तरी नाही, चित्राला बक्षीस आणलं तरी नाही.

लिंब ओलांडला की ती विचारायची, "आई, मॅडम मला टाळी कावून देत न्हाईत?"

"विचारते हं त्यांना," एवढंच मी म्हणायची. आई रात्री तिला कुशीत घेऊन निजायची अन् मॅडम दुसऱ्या दिवशी तशाच कोरड्या. चुकतच होतं माझं, कळतही होतं.

*

चौथीचा शेवटचा दिवस. पुढच्या वर्षी शिवू चौसाळ्याच्या मोठ्या शाळेत जाणार होती. मी एकेकाला उठवून धडा वाचायला लावत होते. कविताची पाळी आली अन् मी मनातून घाबरले. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर पोरगी पण त्यांच्याबरोबर फडावर. गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली तेव्हा जोडाक्षर दिसलं की थांबायची. तिला जवळ घेऊन बसायचं मी रोज ठरवायची अन् रोज राहून जायचं.

कविता उठली अन् अख्खं पान वाचलं. कुठं अडली नाही!

मी बघतच राहिले. "कुणी शिकवलं गं?"

"शिवूनं. रोज मधल्या सुट्टीत, लिंबाखाली."

शिवू खाली मान घालून रबरानं बाक खोडत होती. मला ना दुकानातली बाई आठवली, ना गाव. डोळे पुसत मोठ्यानं म्हणाले, "शिवानीसाठी टाळी!"

पोरांनी अशी वाजवली, की मुख्याध्यापक बाहेर येऊन बघायला लागले. कविता तर थांबेचना.

संध्याकाळी निघालो. लिंबापर्यंत दोघी गप्प. लिंब मागं पडला तसे तिचे हात माझ्या पोटाभोवती घट्ट झाले.

"आई, आज मॅडमनी मला टाळी दिली."

"हो का? मग तू काय म्हणालीस?"

"काय न्हाई. त्याच रडायल्या होत्या." गाल माझ्या पाठीला टेकवून म्हणाली, "तू एकदा भेटून ये ना त्यांना."